हिरव्या रंगाचा हट्ट

मागच्या उन्हाळ्यात एका गोल्फ क्लबच्या समितीपुढे प्रस्ताव आला, की मैदानाची रोजची निगा सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराकडे सोपवावी. अटी तीन होत्या. मैदान वर्षाचे 365 दिवस हिरवंगार दिसलं पाहिजे. सोमवारी मैदान बंद ठेवायची पद्धत मोडायची. आणि वर्षातून दोनदा ग्रीनला भोकं पाडून वर वाळू टाकण्याचा जो ‘खेळखंडोबा’ चालतो, तो थांबवायचा. मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं आणि बोलायला दहा मिनिटं दिली होती. प्रस्ताव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत, हिशेबाला पक्के आहेत, क्लबवर त्यांचा खरा जीव आहे. त्यांचं म्हणणं असं, की गवत कापायला आणि पाणी मारायला डोकं लागत नाही, माणसं लागतात, आणि माणसं बाहेर स्वस्त मिळतात. दहा मिनिटांत मला याचं उत्तर पुरं करता आलं नाही. ते इथे करतो.

रंगापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्या एका अटीतून निघालं आहे.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, रोज सकाळी होलची जागा बदलतात. जुना बुजवायचा, नवा पाडायचा. त्यासाठी धारदार कडेचं नळीसारखं हत्यार असतं. ते दाबून फिरवलं, की सव्वाचार इंच व्यासाचा मातीचा गोळा गवतासकट अखंड वर येतो. खेळणाऱ्याचं लक्ष होलकडे असतं. मी सव्वीस वर्षं त्या गोळ्याकडे बघत आलो. सभेच्या दिवशी सकाळी मी दोन ग्रीन्सवरचे गोळे मागून घेतले. पहिला सगळ्यांच्या आवडत्या, गडद हिरव्या ग्रीनचा. वरचं गवत मखमलीसारखं. त्याच्याखाली बोटभर जाडीचा, कुजक्या काड्यांचा, दाबला की पाणी सुटणारा थर. त्याच्याखाली काळा पट्टा. तो नाकाशी नेला तर सडक्या अंड्यासारखा वास. पट्टी लावून मुळं मोजली, तर दोन सेंटिमीटरच्या खाली एकही गेलेलं नव्हतं. दुसरा गोळा ज्या ग्रीनबद्दल तक्रारवहीत तीन नोंदी होत्या, तिथला. गवत फिकट, कडेला पिवळसर. पण खालची वाळू मोकळी, झटकली की गळणारी, आणि पांढरी मुळं गोळ्याच्या तळापर्यंत जाऊन तिथे कापली गेलेली, म्हणजे जमिनीत त्याहूनही खोल उतरलेली.

यातलं निरोगी कोणतं, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळेल. समितीच्या मेजावर दोन्ही गोळे ठेवले तेव्हा वरच्या बाजूने बघणाऱ्यांना पहिलाच आवडला.

तो काळा पट्टा रोजच्या पाण्याने येतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या, की हवा आत शिरत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात, गंधकाचा तो वास सुटतो आणि मुळं गुदमरतात. आपल्या भाषेत यासाठी एक शब्द शेकडो वर्षांच्या शेतीतून आलेला आहे: वापसा. जमीन ओली असते पण चिकटत नाही, हवा आणि पाणी दोन्ही मुळाशी असतात, ती अवस्था. चांगलं ग्रीन बांधतात ते सगळं या वापशासाठी. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 मध्ये ग्रीनच्या बांधणीचा जो आराखडा काढला, त्यात वर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूमिश्रित थर आणि खाली सुमारे 10 सेंटिमीटर खडी असते. वाळू आपल्याला हवं तेवढं पाणी धरून ठेवते, जास्तीचं खडीत सोडून देते. लाखो रुपये घालून अशी रचना करायची आणि वर रोज संध्याकाळी पाणी सोडून ती बुजवायची, याला निगा म्हणता येत नाही.

मी कृष्णाकाठचा. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून खारवट आणि चोपण झालेली हजारो हेक्टर जमीन मी लहानपणापासून पाहतो आहे. आमच्या चुलत्यांच्या रानात आधी ऊस सर्वांत हिरवा जिथे दिसायचा, त्याच तुकड्यावर पुढे पांढरी खार फुटली. त्या वर्षांत कोणी म्हणालं असतं की हा हिरवेपणा वाईट आहे, तर त्याला गावाने वेड्यात काढलं असतं. आज अनेक गोल्फ मैदानं प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालतात. ते योग्यच आहे, पिण्याचं पाणी तिथे वापरूच नये. पण त्या पाण्यात क्षार आणि सोडियम जास्त असतं. जिप्सम द्यावं लागतं, अधूनमधून एकदम भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढावे लागतात, आणि मग जमीन सुकू द्यावी लागते. रोज थोडं थोडं पाणी शिंपडून हिरवं ठेवलेलं मैदान म्हणजे खार फुटण्याची पूर्वतयारी.

आता गवताविषयी. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीन्सवर हरळीच आहे. गणपतीला वाहतो तीच दूर्वा, आणि शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो तीच. जॉर्जियातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तिचा आफ्रिकेतल्या बारीक पात्याच्या भावंडाशी संकर केला. त्यातून टिफग्रीन आणि पुढे टिफड्वार्फसारख्या जाती आल्या. या संकराला बी धरत नाही, कांड्या लावूनच तो वाढवावा लागतो. पण रक्त हरळीचं आहे. नांगराखाली गाडलेली हरळी बांधावरून पुन्हा आत येते. एप्रिलमध्ये कडब्यासारखी वाळलेली हरळी जूनच्या पहिल्या सरींनंतर आठवडाभरात हिरवी होते. चार दिवस पाणी चुकलं म्हणून ती मरत नाही. ती मरते सावलीत, साचल्या पाण्यात, आणि कापणीचं पातं फार खाली आणलं तर.

पातं खाली आणण्याचा आग्रहही त्याच सभेत झाला होता. ग्रीन ‘फास्ट’ हवं. याचं माप स्टिम्पमीटरने घेतात. 1935 च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटच्या ग्रीनवरून गोल्फपटू जीन साराझेनचा चेंडू घरंगळत बंकरमध्ये जाताना एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला आणि ग्रीनचा वेग मोजायला ही साधी खाचेची पट्टी बनवली. तिच्यावरून सोडलेला चेंडू जितके फूट घरंगळतो, तो ग्रीनचा वेग. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या ग्रीन्सची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज कोणत्याही क्लबात सभासद दहा मागतात आणि टीव्हीवरच्या बाराचे दाखले देतात. तो वेग गाठायला गवत 3 मिलिमीटरवर कापावं लागतं. उन्हाळ्यात, कडक उन्हात, ती उंची हरळी सोसते. पण जुलै-ऑगस्टमध्ये दख्खनवर पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. हरळीला ऊन म्हणजे अन्न. आभाळ झाकलेलं, पातं तीन मिलिमीटर, जमीन चिंब. अशा वेळी वनस्पती मुळांत साठवलेलं खाऊन जगते आणि मुळं आखडत जातात. तेव्हा यंत्राची उंची एक-दीड मिलिमीटर वाढवणं हाच इलाज आहे. चेंडू मंद होतो. तक्रारी येतात. ज्याला ही उंची वाढवण्याचा अधिकार आणि हिंमत आहे, त्याचंच मैदान सप्टेंबरमध्ये उभं राहतं.

टीव्हीचा दाखला मला सारखा दिला जातो, म्हणून त्याचंही बोलतो. ‘ऑगस्टासारखं करा.’ अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा तो हिरवा रंग बराचसा दर शरद ऋतूत मुद्दाम पेरलेल्या राय गवताचा असतो. मैदान उन्हाळ्यातले महिने खेळासाठी बंद असतं. ग्रीन्सच्या खाली नळ्या टाकून यंत्राने हवा आणि ओलावा ओढून घेण्याची सोय आहे. एप्रिलमधल्या एका आठवड्याच्या स्पर्धेसाठी वर्षभराची तयारी आणि अमर्याद पैसा तिथे आहे. ते मैदान दाखवून सोमवारची सुट्टी रद्द करा म्हणणं याला मला तर्क सापडत नाही.

दाखलाच हवा असेल तर 2006 चं इंग्लंडमधलं होयलेक घ्या. त्या वर्षी तिथल्या रॉयल लिव्हरपूल क्लबची फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या गवताच्या पट्ट्या, भाजून पिवळी-तपकिरी झाली होती आणि ब्रिटिश ओपन तिथेच झाली. चेंडू कडक जमिनीवरून इतका पळत होता, की टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची काठी, फक्त एकदा वापरला आणि स्पर्धा जिंकली. चेंडू कुठे पडेल आणि तिथून किती धावेल, याचा विचार करून खेळलेलं ते गोल्फ होतं. किंवा अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचा क्रमांक दोनचा कोर्स घ्या. 2010-11 मध्ये तिथलं सुमारे 35 एकर गवत उपटून टाकलं आणि त्या जागी वाळू आणि रानगवत येऊ दिलं. पाण्याची तोंडंही निम्म्याहून कमी केली. 2014 मध्ये तिथेच लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली. रंगावरून टीव्हीपुढे बसलेले कुरकुरले. खेळाला काही कमी पडलं नाही. आणि परदेशाचंच का बोलायचं? आपल्याकडच्या कोरड्या भागांतल्या लष्करी मैदानांवर ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ असायची, तेल मिसळून दाबलेल्या वाळूची. पटिंग झालं की लाकडी फळी ओढून ती सारखी करायची आणि पुढे जायचं. त्यावर खेळलेले जुने अधिकारी अजूनही त्या दिवसांविषयी आनंदाने बोलतात.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या टीकाकारांनाही उत्तर द्यायचं आहे. दुष्काळी राज्यात गोल्फची मैदानं म्हणजे पाण्याची चैन, असं ते म्हणतात. त्यांचा राग मला समजतो आणि त्यांचे आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. अठरा होलच्या मैदानात वीस हेक्टरला मे महिन्यात रोज पाच मिलिमीटर दिलं, तर दिवसाला 10 लाख लिटर झालं. पण याच हिशेबात पुढे जा. अठराही ग्रीन्स मिळून जागा साधारण एक हेक्टर भरते. टी आणि फेअरवे धरले तर बारा-तेरा. उरलेलं रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत. रफला पाणी द्यायचं खेळाला काहीएक कारण नाही, ते केवळ रंगासाठी दिलं जातं. तेवढं थांबवलं तर दिवसाला साडेतीन लाख लिटर वाचतं. फेअरवेचं दोन मिलिमीटरने कमी केलं तर आणखी. म्हणजे हिरव्या रंगाचा आग्रह धरणारा सभासद आणि त्या रंगाकडे बोट दाखवून मैदान बंद करा म्हणणारा कार्यकर्ता, दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे: गोल्फचं मैदान हिरवंच असतं. पाणी रोखून धरणं हे मैदान सांभाळणाऱ्याचं पहिलं कसब आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नाही.

आता भोकांकडे येतो. कोअरिंग म्हणजे पोकळ दात्यांच्या यंत्राने ग्रीनमधून मातीच्या बोटभर लांब पुंगळ्या उपसून काढायच्या आणि त्या भोकांत वाळू भरायची. कुजका थर फुटतो, हवा आत जाते, पाणी खाली उतरतं. दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारतो, हे खरं. सभासदाची चीडही खरी आहे, तो वर्गणी भरतो. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथलं मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस ग्रीन्सवर वाळू टाकायला लावत होते. तिथला ओल्ड कोर्स रविवारी बंद राहावा, असाही त्यांचा आग्रह होता. आजही, मोठ्या स्पर्धा सोडल्या, तर रविवारी गोल्फच्या त्या पंढरीत गावातली माणसं पोराबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन फिरायला येतात. मैदानाला विसावा लागतो, हे तिथे कोणाला पटवावं लागत नाही.

आणि कोअरिंग चुकवलं तर काय होतं, ते मी भोगलेलं आहे. नोकरीच्या अकराव्या वर्षी, एका क्लबात, दोन वर्षं ते पुढे ढकललं गेलं. एकदा स्पर्धा होती, एकदा वर्धापनदिन. मी तोंडी विरोध केला, लेखी केला नाही. ती माझी चूक होती आणि तिचं ओझं अजून आहे. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एका पहाटे सातव्या ग्रीनवर कापसासारखी पांढरी जाळी दिसली, हाताएवढी. मी पोचेपर्यंत यंत्र त्यावरून फिरून आठव्यावर गेलेलं होतं. दोन दिवसांत चाकांच्या रेघांवर, बरोबर त्या रेघांवर, गवत तेलकट काळपट होऊन बसलं. बुरशी चाकाला लागून गेली होती. खाली मुळं नव्हतीच, त्यामुळे सावरायला काही उरलं नव्हतं. दोन ग्रीन्स जवळजवळ चार महिने बंद राहिली. त्या दोन वर्षांत वाचवलेले आठवडे किती, आणि गमावलेले किती, हे हिशेबाला पक्क्या माणसाने मांडून बघावं.

त्या पहाटे यंत्र चालवणारा मुलगा नवा होता. जुना असता तर थांबला असता. इथेच ‘डोकं लागत नाही’ या वाक्याशी माझं भांडण आहे.

साडेपाचला काम सुरू होतं. पहिलं काम दव झाडायचं. लांब बांबूची लवचिक काठी ग्रीनवरून सपकन फिरवायची. पातं कोरडं झालं की बुरशीला आसरा कमी मिळतो, हा एक उपयोग. पण जाणता माणूस काठी फिरवण्याआधी क्षणभर उभा राहून बघतो. दव कुठे नाही? तिथे खाली कोरडा पडलेला पट्टा आहे. कुठे गोळ्या-गोळ्यांनी दाटलंय? तिथे गांडुळाची माती आहे, ती कापण्याआधी झाडली नाही तर पात्याची धार जाईल. कावळे एकाच ठिकाणी टोचा मारताहेत? तिथे हुमणी आहे. वळवाचा पाऊस पडल्यावर कडुनिंबावर-बाभळीवर भुंगेरे किती आले, हे ज्याने मे महिन्यात पाहून ठेवलंय, त्याला ऑगस्टमध्ये कोणत्या फेअरवेवर हुमणी निघणार हे आधीच माहीत असतं. मग कापणी. दंडगोलाकार पात्याच्या यंत्रात वर्तमानपत्राची पट्टी धरायची. ती कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ तुटली तर ठीक. चुरगळून ओढली गेली तर गवतही तसंच फाटणार आणि दुपारपर्यंत टोकं पांढरी पडणार. यंत्राच्या आवाजात किंवा वासात थोडा फरक पडला, की सरावाचा माणूस ते ग्रीनच्या बाहेर काढून उभं करतो. ज्याला तो वास ओळखता येत नाही, तो फुटलेल्या नळीतलं गरम तेल अठरा पावलं सांडत जातो आणि दुसऱ्या दिवशी ती सरळ करपलेली रेघ सगळा क्लब बघतो.

आमच्याकडे खुरपणीला एक मावशी होत्या. निविदेच्या भाषेत अकुशल. ग्रीनच्या कडेला लव्हाळा निघाला होता आणि मी नव्या बायकांना तो उपटायला लावला होता. मावशींनी मला थांबवलं. “साहेब, लव्हाळा नुसता वडला की एकाचं चार हुत्यात. गाठ निगाली पायजे.” मग त्या खुरपं तिरकं घालून, गवताची एक कांडी न दुखवता, खालची काळी गाठ आणि तिला जोडलेली पुढची गाठ अशी माळच्या माळ काढून दाखवत बसल्या. मी कृषी पदवीधर. लव्हाळ्याच्या गाठी पुस्तकात वाचलेल्या, पण एवढ्या दाट हरळीतून त्या कशा काढायच्या, ते मला त्यांनी शिकवलं. पुढे त्या क्लबाने खुरपणी कंत्राटावर दिली. मावशी गेल्या. दोन पावसाळ्यांत लव्हाळा ग्रीनच्या कडेवरून आत आला, आणि मग तणनाशकावर जो खर्च सुरू झाला तो मजुरीच्या वाचलेल्या पैशांहून अधिक होता.

कंत्राट हा शब्दच मला वर्ज्य आहे असं नाही. बंकरचं बांधकाम, पंपाची दुरुस्ती, मोठी झाडं छाटणं ही कामं बाहेरच्यांनी करावीत. आमच्या लोकांतही कामचुकार असतात. सोमवारी मैदान बंद ठेवून दुपारपर्यंत चहा पीत बसलेली टोळी मी पाहिली आहे, आणि प्रस्ताव मांडणाऱ्यांनी ती पाहिली असेल तर त्यांचा संताप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे सोमवारच्या कामाची यादी आदल्या शनिवारी फलकावर लावायची आणि मंगळवारी तपासायची. सोमवारच काढून टाकणं हा उपाय नाही. पण रोज त्याच ग्रीनवर येणारा, ते पाच-सात पावसाळे पाहिलेला माणूस कमी दराच्या निविदेत मिळत नाही, कारण तिथे माणसं बदलत राहण्यातच नफा असतो. अशा माणसाला कायम ठेवायचं, त्याला वर्षागणिक वाढता पगार द्यायचा आणि पावसाळ्यात पातं वर करायचा अधिकार द्यायचा, एवढं माझं मागणं आहे.

निविदेचा मसुदा मी पाहिला. कंत्राटदाराचं काम तपासायला त्यात ‘मैदानाचा रंग’ असा एक रकाना आहे. मी समितीला लेखी कळवलं आहे, यावेळी लेखीच, की तो रकाना खोडा आणि तिथे लिहा: मुळांची लांबी, मिलिमीटरमध्ये, दर महिन्याला, अठराही ग्रीन्सवर. मोजायला एक पट्टी लागते आणि होल बदलताना निघालेला मातीचा गोळा. तो रोज सकाळी निघतोच.